सळई, लायटर आणि कापराची बाटली: पावसाळी भटकंतीतील आगीच्या सामानाचे परीक्षण

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यात वेल्ह्याच्या बाजूची एक घाटवाट उतरताना मधला ओढा बघता बघता भरला आणि पाणी ओसरेपर्यंत आम्हा चौघांना एका कपारीत सहा तास बसून राहावे लागले. चौघेही नखशिखांत भिजलेले होते आणि आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाचे, म्हणजे माझ्या भाच्याचे, दात वाजू लागले होते. आग पेटवण्याचे सामान म्हणून आमच्याजवळ एक लायटर, एक काडेपेटी आणि तीन हजार अंशांच्या ठिणग्या पाडते अशी ख्याती असलेली, घरपोच मागवलेली एक सळई होती. काडेपेटीचा लगदा झाला होता. लायटरचे चाक ओल्या अंगठ्याखाली नुसते घसरत होते. सळईने मात्र जाहिरातीत म्हटल्याप्रमाणे ठिणग्यांचा सडा पाडला आणि त्या सगळ्या ठिणग्या कपारीतल्या ओलसर पाचोळ्यावर पडून विझून गेल्या. पाऊण तासाच्या खटपटीनंतर आग पेटली, ती माझ्या बहिणीने ‘गडावर देवीपुढे लाव’ असे सांगून मुलाच्या सॅकमध्ये टाकलेल्या आणि मुलगा देवीपुढे लावायला साफ विसरलेल्या कापराच्या पुडीमुळे.

त्यानंतर ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत मी पुण्यात सहज मिळणारे किंवा मागवता येणारे असे बरेचसे सामान विकत घेतले. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले शेजारी ठेवून ते वापरून पाहिले, आणि पानशेतजवळच्या एका स्नेह्यांच्या शेतावर, त्यांच्या परवानगीने, भाद्रपदातल्या पावसात त्याची पुन्हा परीक्षा घेतली. प्रत्येक वस्तू आधी कोरडी असताना, मग एक मिनिट पाण्यात बुडवून आणि शेवटी हात थंड पाण्याने बधिर करून, अशा तीन अवस्थांत पेटवून पाहिली. ही काही प्रयोगशाळेतली शिस्त नव्हे. घड्याळ मोबाइलमधले आणि अंगठा माझा होता. तरीही सह्याद्रीच्या पावसात काय टिकते आणि काय केवळ दुकानाच्या काचेत शोभते, एवढे कळण्यास ती पुरेशी होती.

सामानाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण या वस्तूंच्या जाहिरातींत ती कधीच नसते. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील कलम २६ प्रमाणे राखीव वनात, वन अधिकाऱ्याने अधिसूचित केलेला हंगाम वगळता, आग पेटवणे, बाळगणे किंवा पेटती आग घेऊन जाणे यांस मनाई आहे. आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील कलम ३० अभयारण्याला आग लावण्यास व अभयारण्य धोक्यात येईल अशा रीतीने आग पेटवण्यास किंवा ती पेटती सोडून जाण्यास प्रतिबंध करते. भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही आपल्या नेहमीच्या भटकंतीची ठिकाणे अभयारण्येच आहेत. याशिवाय गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे लटकलेली असतात. धुराने ती उठली तर माणसाला पळायला जागा मिळत नाही. त्यामुळे हौसेची शेकोटी, मक्याची कणसे आणि गाण्याच्या भेंड्या यांच्यासाठी पुढील परीक्षण लिहिलेले नाही. वर्षानुवर्षे सॅकच्या तळाशी पडून राहावे आणि वापरण्याची वेळ येऊच नये अशा सामानाविषयी ते आहे.

प्रथम सळई. बाजारात तिला फेरो रॉड, फायर स्टार्टर किंवा चुकीने मॅग्नेशियम रॉड म्हणतात. सेरियम, लँथॅनम आणि त्यांच्यासारख्या काही धातूंत लोखंड व थोडे मॅग्नेशियम मिसळून केलेला हा मिश्रधातू ऑस्ट्रियाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १९०३ साली शोधला. ज्या पेट्रोमॅक्सच्या उजेडात आपल्याकडे एके काळी लग्ने लागली आणि तमाशे रंगले, त्या बत्तीचे जाळीदार मँटलही मुळात याच गृहस्थांच्या डोक्यातून निघालेले, हे मला सळई विकत घेतल्यानंतर कळले आणि तिच्याविषयीचा माझा आदर किंचित वाढला. सळई खरवडली की तिचे बारीक कण निघतात, हवेशी संयोग होऊन ते पेट घेतात आणि त्यांचे तापमान सुमारे तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. वेष्टनावरचा हा आकडा खोटा नाही. त्यातून गिऱ्हाइकाची होणारी समजूत मात्र खोटी आहे. ठिणगीचे तापमान प्रचंड असले तरी तिचे वस्तुमान नगण्य असते, म्हणून तिच्यातली एकूण उष्णता इतकी अल्प असते की ओलसर पानातले पाणी सुकवण्यातच ती संपून जाते. ठिणगी तत्काळ धरील अशी कोरडी, तंतुमय किंवा चटकन वाफ होऊन पेट घेणारी वस्तू जवळ नसेल तर सळई हे केवळ दिवाळीचे खेळणे ठरते, आणि आमच्या कपारीत ते तसेच ठरले.

मी तीन सळया घेतल्या. पहिली, म्हणजे घरपोच आलेली आणि कपारीत आमच्यासोबत असलेली, आठ मिलिमीटर जाडीची आणि लाकडी मुठीची. किंमत ३९० रुपये. दुसरी पुण्यातल्याच एका गिर्यारोहण साहित्याच्या दुकानातून घेतलेली, दहा मिलिमीटर जाडीची, ६५० रुपयांची. तिसरी प्लास्टिकच्या कड्यात बसवलेली, पेन्सिलीएवढी बारीक, ९० रुपयांची. ही तिसरी दुसऱ्याच दिवशी मुठीपासून निखळली आणि तिच्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. उरलेल्या दोहोंत ठिणग्यांच्या बाबतीत मला फारसा फरक जाणवला नाही. जाड सळई गारठलेल्या हातात नीट धरता येते आणि जोर लावला तरी मोडण्याची भीती वाटत नाही, एवढाच तिचा लाभ. दोन्हींवर काळा लेप असतो आणि तो खरवडून काढल्याखेरीज ठिणगी पडत नाही, ही सूचना एकाही वेष्टनावर नव्हती. हा लेप सळईला गंजण्यापासून जपतो. आपल्या दमट हवेत उघडी पडलेली सळई दोन पावसाळ्यांत पांढुरकी आणि खवलेदार होते. यावर मी शोधलेला उपाय म्हणजे वापरलेल्या भागावर नेलपॉलिशचा एक हात मारणे. पुढच्या वेळी दोन घासांत तो निघून जातो.

दोन्ही सळयांसोबत आलेली खरवडण्याची पाती मात्र निव्वळ फसवणूक होती. पातळ पत्रा, गोलसर कडा आणि त्यावर बाटली उघडण्याचे भोक, फूटपट्टीच्या रेघा, षट्कोनी पाने अशी नाना कलाकुसर. सळईला लागते ती एकच गोष्ट: काटकोनात असलेली तीक्ष्ण कड. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी लोखंड कापण्याचे हॅक्सॉचे पाते घेतले, ते पकडीने मोडून बोटभर तुकडा केला, मोडलेल्या टोकांना चिकटपट्टी गुंडाळली आणि त्याच्या दात नसलेल्या कडेने सळई खरवडली; ठिणग्या निदान दुपटीने वाढल्या. हे पाते मला वीस रुपयांना पडले आणि त्याचे तीन तुकडे झाले. पाते पुढे ढकलण्याऐवजी ते ठिणगी धरणाऱ्या वस्तूच्या अगदी जवळ स्थिर ठेवून सळईच मागे ओढावी, हे तंत्र सरावाने येते. पाते पुढे ढकलणाऱ्याचा हात नेमका ऐन वेळी सगळी रचना उधळून लावतो. भाच्याला हे जमायला दोन संध्याकाळ लागल्या, मला तीन.

आता लायटर. माझे स्पष्ट मत असे आहे की शंभरातल्या नव्वद प्रसंगी पानटपरीवरचा चाकाचा साधा लायटर हेच उत्तम साधन आहे आणि सळईच्या मोहापायी त्याला हिणवणाऱ्यांनी कधी एका हाताने, वाऱ्यात, बसल्या जागी आग पेटवून पाहिलेली नसावी. लायटर ज्योत देतो. ठिणगी आणि ज्योत यांतले अंतर ओल्या दिवशी अर्ध्या तासाचे असते. त्याच्या चाकाखालची गारही वेल्सबाख यांच्याच मिश्रधातूची असते, त्यामुळे वायू संपल्यावरही तो एक चिमुकली सळई म्हणून उपयोगी पडतो. त्याचे दोष दोन. चाक भिजले की गार घसरते. अशा वेळी जोरात फुंकून पाणी उडवावे आणि कपड्याच्या त्यातल्या त्यात कोरड्या भागावर चाक पंधरा-वीस वेळा फिरवावे. गच्चीवर बुडवून काढलेला लायटर या पद्धतीने दोन मिनिटांच्या आत सुरू झाला. कपारीत आम्हाला हे ठाऊक नव्हते आणि कोरडा म्हणावा असा कपडाही कोणाच्या अंगावर नव्हता. दुसरा दोष असा की सॅकमधल्या दाबाने त्याचा खटका दाबला जाऊन सगळा वायू गुपचूप निघून जातो. खटक्याखाली एक केबल टाय अडकवून ठेवल्यास हे टळते. खटका दाबून विजेची ठिणगी पाडणारे आणि निळी धार सोडणारे जे दिमाखदार लायटर असतात, ते मी दोन घेतले. एक भिजल्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालला नाही आणि दुसरा कोरडा असतानाही लहरीप्रमाणे चाले. डोंगरात त्यांचे काम नाही.

२०२३ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने वीस रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी घातली, ती प्रामुख्याने देशी काडेपेटी उद्योगाच्या मागणीवरून. टपरीवर मात्र अजूनही नाना जातींचे लायटर दिसतात आणि सगळे सारखे नसतात. पारदर्शक अंगाचा, आतला वायू दिसणारा आणि चाकाभोवती धातूची भक्कम चौकट असलेला निवडावा. विकत घेतानाच दहा वेळा पेटवून पाहावा आणि टपरीवाल्याच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करावे. हिमालयात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की लायटरमधला ब्युटेन वायू शून्याच्या किंचित खाली, उणे अर्ध्या अंशाला, उकळतो; त्याहून अधिक थंडीत तो द्रवरूपातच राहतो आणि ज्योत धरत नाही, म्हणून लायटर जाकिटाच्या आत, अंगालगत ठेवावा लागतो. सह्याद्रीत ही अडचण कधी येत नाही.

काडेपेटीविषयी थोडक्यात सांगता येईल. चौदा वर्षे एक रुपयाला मिळणारी काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून दोन रुपयांची झाली आणि तरीही ती या यादीतली विकत घ्यावी लागणारी सर्वांत स्वस्त वस्तू आहे. पण तिची सुरक्षितता हीच तिची अडचण आहे: तांबडा फॉस्फरस पेटीच्या घासणीवर असतो आणि पोटॅशियम क्लोरेट गुलात असते, त्यामुळे काड्या मेणात बुडवून कितीही जपल्या तरी कागदी घासणी ओली झाली की सगळेच निकामी होते. मी मेण लावलेल्या पंचवीस काड्या आणि घासणीचे दोन तुकडे वेगवेगळ्या झिपलॉक पिशव्यांत ठेवून पाहिले. चालले, परंतु ओल्या बोटांनी पिशवी उघडताच घासणीचा एक तुकडा हातातच विरघळला. वादळी काड्या म्हणून ज्या महाग, लांब गुलाच्या काड्या मिळतात त्या वाऱ्यात खरोखरच विझत नाहीत, पण त्यांनाही घासणी लागतेच आणि एका काडीला पंधरा-वीस रुपये पडतात. मी त्या पुन्हा घेणार नाही.

आगीच्या सामानासह शिट्टी, होकायंत्र, तारेची करवत आणि चांदीच्या रंगाचे पातळ पांघरूण एकाच डब्यात देणारा एक ‘सर्व्हायव्हल किट’ही मी १,२०० रुपयांना मागवला होता. होकायंत्र गच्चीवर उभे राहून सिंहगड उत्तरेला दाखवत होते. बाकीच्या वस्तूंविषयी यापेक्षा अधिक लिहिण्याची मला इच्छा नाही.

या परीक्षणाचा खरा विषय ठिणगी धरणारी वस्तू हा आहे, आणि दुकानदार तीच विकत नाहीत. आपल्या डोंगरांत जून ते सप्टेंबर या काळात आयती कोरडी वस्तू मिळणे जवळपास अशक्य असते. पुणे शहरावर वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस पश्चिमेच्या घाटमाथ्यावर पडतो. तिथे पाने, गवत, साल, सगळेच महिनोन्महिने ओले असते. परदेशी चित्रफितींत दाखवतात ती भूर्जाची साल किंवा पाइनचे राळ भरलेले लाकूड इथे नसते. म्हणून ही वस्तू घरूनच न्यावी लागते, आणि सुदैवाने मराठी घरात ती देव्हाऱ्यापाशी तयार असते.

कापूर मी तीन प्रकारचा घेतला: तुळशीबागेतून गोल वड्यांचा साधा कापूर, त्याच दुकानातून भीमसेनी म्हणून मिळणारे खडे आणि किराणा दुकानातली सीलबंद पुडी. पेटण्याच्या बाबतीत तिघांत फरक नाही. एक वडी माझ्या घड्याळाप्रमाणे सव्वा मिनिट जळली. पाण्यात बुडवून काढून नुसती पुसलेली वडीही लायटरने लगेच पेटली, कारण कापूर पाणी शोषत नाही. बशीतल्या पाण्यावर तो तरंगत तरंगत जळतो, हे तर आरतीच्या तबकात पाणी सांडलेल्या कोणालाही ठाऊक असेल. सळईच्या ठिणगीने अखंड वडी पेटत नाही, निदान माझ्याकडून पेटली नाही. तीच वडी नखाने चुरून कापसात मिसळली की तिसऱ्या-चौथ्या घासाला भडका उडतो. कापराचा अवगुण त्याच्या नावाने भाषेतच रुजलेला आहे: तो उडून जातो. त्यासाठी डबीत मिरे किंवा लवंगा टाकण्याची आपल्या घरांतली जुनी रीत मीही पाळली, तिच्या निकालाविषयी शेवटी लिहितो. एक इशारा मात्र इथेच देणे भाग आहे. कापूर पोटात गेल्यास विषारी असतो, लहान मुलाला त्याने झटके येऊ शकतात, आणि सॅकच्या अंधारात त्याची वडी खडीसाखरेसारखी दिसते; दोन्ही एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत.

कापराच्या जोडीला पेट्रोलियम जेली लावलेला कापूस. औषधाच्या दुकानातला कापूस घ्यावा, कृत्रिम धाग्यांचा चेंडू घेऊ नये. सुपारीएवढ्या गोळ्यात जेली बाहेरून चोळावी आणि आतला गाभा कोरडा ठेवावा. सगळाच गोळा तेलकट झाला तर ठिणगी धरायला मोकळा तंतू उरत नाही. पेटवताना गोळा फाडून आतले तंतू पिंजून काढावेत. कोरडा कापूस वीस सेकंदांत राख होतो. जेली लावलेला गोळा माझ्या परीक्षेत सव्वातीन ते चार मिनिटे जळला. ओल्या काटक्यांना पेट घ्यायला अडीच-तीन मिनिटेच हवी असतात. देवघरातल्या फुलवाती तुपात भिजवून नेण्याचा प्रयोगही मी केला. त्या सुरेख जळतात, परंतु तूप उन्हाळ्यात वितळून सॅकभर पसरले आणि त्या वासावर गडावरच्या कुत्र्यांनी आमच्या सामानाची झडती घेतली.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद पट्टे, हे या सगळ्यांतले दुर्लक्षित रत्न होय. पंक्चरवाल्याकडून ते फुकट मिळतात. ठिणगीने ते पेटत नाहीत, ज्योतीने पेटतात. पण एकदा पेटले की पाऊस असो वा वारा, काळ्या धुराची ज्योत तीन-चार मिनिटे सोडत नाहीत. त्यांचा धूर घातक असतो, तेव्हा त्यावर अन्न शिजवू नये आणि तोंड दूर ठेवावे. नारळाची शेंडी पिंजली तर कोरड्या हवामानात उत्तम, पण पावसाळ्यात ती मीठदाणीतल्या मिठासारखी ओल धरते. हातावर लावण्याचे सॅनिटायझर ठिणगीलाही पेटते, मात्र त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही आणि न दिसणाऱ्या ज्योतीवर हात ठेवण्याचा अनुभव मी एकदा घेतला आहे.

हौस म्हणून चकमकही झाडून पाहिली. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक जागोजागी सापडतात. पानशेतच्या शेतातल्या बांधावरचा असाच एक गारेचा तुकडा फोडून त्याच्या धारदार कडेवर जुनी कानस मारली तेव्हा तांबूस ठिणग्या निघाल्या. परंतु त्या इतक्या निवांत असतात की बंद डबीत भाजून काळा केलेला सुती कपडाच त्यांना धरू शकतो. आजोबा पंजोबांच्या चिकाटीला नमस्कार करून मी लायटर खिशात ठेवला.

ठिणगी धरली, कापूस पेटला, तरी पुढे लाकूड लागते. जमिनीवर पडलेले लाकूड घेण्यात अर्थ नसतो. उभी वाळलेली किंवा फांद्यांत अडकलेली काटकी बाहेरून भिजली तरी आत कोरडी असते. ती मोडताना कडकन आवाज आला पाहिजे. घाटातली वाळलेली कारवी यासाठी फार चांगली. मनगटाएवढे लाकूड चाकूने उभे फोडून आतल्या कोरड्या गाभ्याच्या ढलप्या काढाव्यात. कण्हेरीचे लाकूड वापरू नये, तिचा धूरही विषारी असतो. आणि चूल मांडायला ओढ्यातले दगड घेऊ नयेत, त्यांच्यात मुरलेले पाणी तापून ते तडकतात. तंबूच्या आत किंवा बंदिस्त जागेत आग पेटवणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण देणे.

हे सगळे सांगितल्यावर मला हेही कबूल करायला हवे की त्या दिवशी कपारीत आम्ही आगीमागे लागून चूक केली. शरीराचे तापमान पस्तीस अंशांच्या खाली जाऊ लागले की हायपोथर्मिया सुरू होतो आणि हातांतली हुशारी सर्वांत आधी जाते. भिजलेल्या माणसाचे ओले कपडे काढून कोरडे चढवणे, त्याला प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत किंवा पोंचोत गुंडाळणे, खाली सॅक घालून थंड दगडापासून त्याला वेगळे करणे आणि तोंडात गूळ किंवा चिक्की देणे, ही कामे पाच मिनिटांची होती. त्याऐवजी चार शहाणी माणसे पाऊण तास सळई घासत बसली. आता माझ्या सॅकमध्ये जाड कचऱ्याच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा टीशर्ट आणि पायजमा कायम असतो, आणि त्याचे स्थान आगीच्या डबीच्या वर आहे.

बाळगण्याच्या पद्धतीबाबत मी बराच घोळ घातला. सुरुवातीस सगळे सामान एका देखण्या कापडी बटव्यात ठेवले होते. तो पहिल्याच पावसात पाणी प्यायला. त्यानंतर बोहरी आळीतून रबरी कड असलेली, चार बाजूंनी खटके लागणारी जेवणाची सर्वांत लहान डबी ६० रुपयांना आणली. रात्रभर बादलीच्या तळाशी दगडाखाली ठेवूनही तिच्यात थेंब शिरला नाही. डबीत एक लायटर, आठ मिलिमीटरची सळई, हॅक्सॉचा तुकडा, कापसाचे सहा गोळे, ट्यूबचे चार पट्टे आणि कापूर एवढे मावते. वजन १४० ग्रॅम भरले. दुसरा लायटर मात्र डबीबाहेर, गळ्यातल्या दोरीला, शर्टाच्या आत असतो, कारण घाटात सॅक हातातून निसटून खाली गेल्याची उदाहरणे माझ्या परिचयात दोन आहेत. सगळे एका जागी ठेवणारा सगळे एकदम गमावतो. विमानाने जाणाऱ्यांनी काडेपेटी आणि लायटर दोन्ही घरी ठेवावेत. आपल्याकडे ते हातातल्या किंवा तपासून दिलेल्या अशा कोणत्याच सामानात चालत नाहीत, आणि गॅसचे डबेही नाहीत. रेल्वेतही ज्वालाग्राही वस्तू नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ मधील कलम १६४ मध्ये धोकादायक माल बेकायदा नेल्याबद्दल तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. लायटर आणि गॅस मुक्कामाच्या गावी विकत घेणे हाच सोपा मार्ग.

खर्चाचा हिशेब सांगायचा तर माझी आजची डबी, दोन्ही लायटर धरून, साडेपाचशे रुपयांच्या आत बसते आणि त्यातले ३९० रुपये एकट्या सळईचे आहेत. पैशाची ओढाताण असेल तर सळई वगळावी आणि तिसरा लायटर घ्यावा. कापूर आणि कापूस वगळू नयेत. पुण्यातल्या गिर्यारोहण साहित्याच्या दुकानात सळया हातात घेऊन पाहता येतात, हा घरपोच खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे, पण तिथल्या विक्रेत्याने मला ठिणगी धरणारी वस्तू म्हणून दाखवलेली भुशाची आयात केलेली पुडी २८० रुपयांची होती. मी ती घेतली नाही.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिल्या सरीनंतर, डबी उघडून तपासली. कापराच्या सहा वड्यांपैकी दोन मी प्लास्टिकच्या पातळ पुडीत मिऱ्यांसह ठेवल्या होत्या आणि चार होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून. पुडीतल्या वड्या झिजून निम्म्या झाल्या होत्या आणि मिरे शाबूत होते. बाटलीतल्या चारही जशाच्या तशा निघाल्या. तेव्हापासून मिऱ्यांना निवृत्ती दिली. बहिणीकडून तशीच आणखी एक बाटली भरून घेतली, तेव्हा तिने न बोलता दोन भरून दिल्या आणि एकीवर चिठ्ठी चिकटवली: ‘ही देवीची’.